जुनी बाईक इलेक्ट्रिक करायचीय? मोटरच्या आधी रस्ता मोजा

गेल्या मे महिन्यात काका आमच्या खळ्यात आले आणि माझ्या बागेतल्या गाडीकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "अरे, माझ्या स्प्लेंडरला पण हे बसव की, पेट्रोलने जीव काढलाय माझा." काका दापोलीजवळ राहतात, रोज हर्णै बंदरावर जाऊन लिलावातली मासळी घेतात आणि मागे क्रेट बांधून वरच्या वाड्यांमधून विकतात. गाडी २००३ सालची, इंजिन आता तेल खातं, पण फ्रेम ठणठणीत आहे आणि काकांचा तिच्यावर जीव आहे. माझी गाडी बागेतली. कर्द्याच्या वरच्या अंगाला आमची आंबा-काजूची बाग आहे, तिथे खताच्या गोणी, पाइप, आंब्याच्या पेट्या वाहायला मी ती तीन वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक केली. रस्त्यावर ती जात नाही, का जात नाही ते पुढे सांगतो. माझं काम पंपाच्या मोटरी रिवाइंडिंग करायचं, त्यामुळे मोटर, कॉइल, वार्निश हे रोजचंच, आणि तरीही या गाडीनं मला बरंच नव्यानं शिकवलं.

या विषयात कोणीही पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे किती वॅटची मोटर घेऊ आणि रेंज किती मिळेल. या दोन्हीची उत्तरं दुकानात मिळत नाहीत, ती तुमच्या रोजच्या रस्त्यात आहेत. म्हणून मी काकांना सांगितलं, आधी आठ दिवस डायरीत लिहा, किती किलोमीटर गेलात, कुठे किती चढ लागला, मागे वजन किती होतं. फोनमध्ये उंची दाखवणारं ॲप टाकून दिलं. आकडे आले ते असे: दिवसाला साधारण ४५ किलोमीटर, बंदरापासून घरापर्यंत १८० मीटरच्या आसपास चढ, आणि तो चढ बरोब्बर मासळी भरलेली असताना. सकाळी रिकाम्या गाडीने उतार आणि परत येताना भरल्या गाडीने चढण, म्हणजे मोटरच्या दृष्टीने सगळ्यात वाईट गणित, पण आमच्याकडे बहुतेकांचं हेच असतं, बंदर खाली आणि घर वर.

आता हे गणित समजून घ्यायला थोडी वीज समजायला हवी, ती बागेतल्या पाण्यावरून सांगतो. वरच्या टाकीतून पाइपने पाणी खालच्या कलमांना येतं. टाकी जितकी उंच तितका पाण्याला जोर, तो जोर म्हणजे व्होल्ट. पाइपातून किती पाणी धावतंय ते अँपियर. जोर गुणिले धार म्हणजे वॅट, त्या क्षणाला किती काम होतंय ते. आणि ते काम किती वेळ चाललं हे धरून हिशोब केला की वॅट-अवर. १००० वॅट-अवर म्हणजे लाइट बिलावरचं एक युनिट, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं रुपयातही मोजता येतं.

सपाट रस्त्यावर ताशी ४०-४५ च्या वेगाने साधी बाईक किलोमीटरला साधारण ३० वॅट-अवर खाते, कारण तिथे टायरचं घर्षण आणि समोरची हवा एवढ्याशीच भांडायचं असतं. चढाचा खर्च वेगळा काढायचा. काकांची गाडी ११० किलो, काका ७०, मासळी-बर्फ-क्रेट ६०, मिळून २४० किलो. एवढं वजन १०० मीटर उभं उचलायला नुसती ६५ वॅट-अवर लागतात, आणि मोटर-कंट्रोलरमध्ये वाया जाणारं धरलं तर ८०. म्हणजे प्रत्येक १०० मीटर चढाला सपाटीवरचे अडीच-पावणेतीन किलोमीटर गेले असं समजायचं. काकांचा हिशोब मग असा झाला, ४५ किलोमीटरचे १३५०, बंदराच्या चढाचे १५०, वाड्यांमधल्या लहानमोठ्या चढउतारांचे अजून दीडशे-दोनशे, एकूण १७०० च्या आसपास. बॅटरी कधी पूर्ण निचरा करून वापरायची नसते आणि वर्षागणिक ती थोडी थोडी कमी होत जाते, म्हणून १७०० ला १७०० ची घेऊन चालत नाही, अडीच हजारांच्या वरचीच लागते. ७२ व्होल्ट ४० अँपियर-अवरची बॅटरी म्हणजे २८८० वॅट-अवर, ती काकांना पुरते आणि चार-पाच वर्षांनी सुद्धा पुरेल.

पेट्रोलशी तुलना केली की मला अजूनही नवल वाटतं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट इतकी ऊर्जा असते. काकांची गाडी लोड घेऊन लिटरला ५० देते, म्हणजे किलोमीटरला १८० वॅट-अवर जळतात, आणि तेच काम मोटर ३५-४० मध्ये करते. बाकीची ऊर्जा सायलेन्सर आणि इंजिनवरच्या पात्यांमधून गरमीच्या रूपाने हवेत जाते. गाडी लावल्यावर इंजिनला हात लावून बघा, पेट्रोलचे पैसे कुठे गेले ते हाताला कळतं.

आता मोटर. इंजिन कमी फेऱ्यांवर दुबळं असतं म्हणून त्याला चार गिअर आणि क्लच लागतो, मोटरचं तसं नाही, ती उभ्या गाडीतही पूर्ण जोर देते, त्यामुळे गिअर निघून जातात. बसवायचे दोन मार्ग. एक हब मोटर, म्हणजे मागच्या चाकाच्या मधोमधच मोटर, चाक बदललं की झालं, चेनही नको. दुसरा मार्ग म्हणजे इंजिनच्या जागी मोटर आणि तिथून चेनने चाक फिरवायचं. घरी करणारे बहुतेक जण हबच बसवतात कारण ते सोपं आहे, मी पण तेच केलं, पण चढाच्या भागात हबची अडचण नीट समजून घ्या.

१० टक्क्यांचा चढ, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की १० मीटर वर, आणि वेग ताशी २५. काकांच्या २४० किलोला तिथे चाकावर साधारण १९०० वॅट लागतात, बॅटरीतून २३०० निघतात. म्हणजे १००० वॅटची हब मोटर हा चढ चढेलही, पण दुप्पट ओझं डोक्यावर घेऊन, आणि मोटरमधली गरमी करंटच्या वर्गाने वाढते, करंट दुप्पट झाला की गरमी चौपट. त्यात हब मोटर चाकात बंद डब्यासारखी असते, आतल्या कॉइलची गरमी बाहेर यायला वाटच नसते. पंपाची मोटर जळाली की जो करपट वास येतो ना, वार्निश जळाल्याचा, तोच वास मी एका हबमधून घेतलेला आहे. शिवाय आतले मॅग्नेट खूप तापले तर त्यांची ताकद कायमची कमी होऊ शकते, मग नवीन कॉइल भरली तरी गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. म्हणून मोटर घेताना पीक वॅट, म्हणजे थोड्या वेळापुरती ताकद, किती ते ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं, कंटिन्युअस, म्हणजे न तापता सतत देऊ शकते ती ताकद, किती ते विचारायचं. काकांच्या रस्त्याला कंटिन्युअस २००० च्या खाली मी सुचवणार नाही.

इंजिनच्या जागी बसणारी मोटर चढाला जास्त चांगली, कारण ती वेगात फिरते आणि चेनच्या स्प्रॉकेटमुळे जोर वाढतो. पण तिथे गुणोत्तराचा प्रश्न येतो. ताशी ५० ला स्प्लेंडरचं चाक मिनिटाला साडेचारशेच्या आसपास फिरतं, मोटर मात्र ३००० फिरायला बघते, म्हणजे जवळपास सातास एक असं कमी करायला हवं. गाडीवरचे मूळ स्प्रॉकेट पुढे १४ आणि मागे ४२-४३ दात, म्हणजे जेमतेम तिनास एक. पुढे ११ आणि मागे ६० असं काही करून साडेपाचपर्यंत जाता येतं, नाहीतर आतच गिअर असलेली मोटर घ्यायची. शिवाय मोटर धरायला ब्रॅकेट, चेनची ओळ बरोब्बर सरळ रेषेत, हे सगळं चांगल्या वेल्डिंगवाल्याशिवाय होत नाही. एक गोष्ट आधी बघा, काही गाड्यांमध्ये इंजिन हाच फ्रेमचा भाग असतो, ते काढलं की फ्रेम खालून मोकळी पडते. स्प्लेंडरला इंजिनखालून नळ्या जातात म्हणून ती या कामाला बरी.

हब बसवताना एकच गोष्ट अशी आहे जी लोक विसरतात आणि मग पस्तावतात, ती म्हणजे टॉर्क आर्म. साध्या चाकात एक्सल नुसता उभा असतो, हबमध्ये चाक जितक्या जोराने पुढे फिरतं तितक्याच जोराने एक्सल उलटा फिरायला बघतो. त्याला मागच्या चिमट्याला जाड पोलादी पट्टीने बांधून ठेवावं लागतं, तीच टॉर्क आर्म. नट कितीही घट्ट केला तरी नुसत्या नटावर विसंबू नका, एक्सल फिरला की त्याच्या पोटातून येणाऱ्या वायरी पिळवटून तुटतात, आणि त्या एकमेकींना चिकटल्या तर चालत्या गाडीत चाक आवळलं जातं.

कंट्रोलर म्हणजे अल्युमिनियमचा पात्यापात्यांचा डबा, त्याच्यात गाडीचा मेंदू. बॅटरीचा सरळ करंट घेऊन तो मोटरच्या तीन कॉइलना आळीपाळीने देतो, कुठल्या कॉइलला कधी हे त्याला मोटरमधले हॉल सेन्सर, म्हणजे मॅग्नेट फिरत कुठे आलाय ते ओळखणारे सेन्सर, सांगतात. म्हणून मोटरकडून तीन जाड वायरी येतात, पिवळी, हिरवी, निळी, आणि पाच बारीक. जोडणी चुकली तर मोटर गुरगुरते, गचके देते आणि रिकामी असूनही भरपूर करंट खाते. हल्लीच्या बऱ्याच कंट्रोलरना सेल्फ लर्निंगची वायर असते, ती जोडली की तो स्वतःच क्रम शोधतो. हे सगळं गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी ठेवूनच करायचं. ब्रेक दाबला की मोटर बंद करणारी वायर जवळपास प्रत्येक कंट्रोलरला असते, ती दोन्ही ब्रेकना जोडल्याशिवाय गाडी खाली उतरवू नका. इलेक्ट्रिक गाडी चालू आहे की बंद हे आवाजावरून कळत नाही आणि आपल्याकडे खळ्यात पोरं असतातच, कोणी सहज हँडल पिळलं की गाडी पडवीत घुसते.

जुन्या स्प्लेंडरमध्ये अजून एक गंमत आहे, हेडलाइट बॅटरीवर नसतो, तो इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोवर चालतो. इंजिन काढलं की हेडलाइट गेला. त्यामुळे ७२ व्होल्टचे १२ करणारा कन्व्हर्टर लावून सगळी लाइटची वायरिंग परत करावी लागते. स्पीडोमीटरची केबल मात्र पुढच्या चाकावरून येते, तो तसाच चालतो, त्याला हात लावायची गरज नाही.

आता बॅटरी, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. सगळ्या कामात मोटर हा सोपा भाग आहे, बॅटरी हा जबाबदारीचा. दोन प्रकारचे सेल मिळतात. एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टचे, हलके आणि लहान, पण बिघडले तर भडकायला पटकन तयार. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, थोडे जड, थोडे मोठे, पण गरमी जास्त सहन करतात आणि दोन हजारांच्या वर वेळा चार्ज होतात. आपल्या हवेत, टिनाच्या पत्र्याखाली उभ्या राहणाऱ्या गाडीला मी डोळे मिटून एलएफपी सांगेन. इंजिन, सायलेन्सर आणि भरलेली टाकी निघून गेल्यावर वजनाचा फरक तसाही भरून निघतो. एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा, असे २४ ओळीने जोडले की ७२ व्होल्टची म्हणून विकली जाणारी बॅटरी होते, पूर्ण भरल्यावर ती ८७.६ दाखवते. एनएमसीची ७२ व्होल्टवाली २० सेलची, ती ८४ ला भरते. दोघींच्या अंगावर ७२ च लिहिलेलं, पण चार्जर वेगळा, आणि ८७.६ चा चार्जर ८४ च्या बॅटरीला लावणं म्हणजे आग घरात बोलावणं. चार्जर आणि बॅटरीवर एकाच रंगाची पट्टी चिकटवा, घरातल्या प्रत्येकाला दाखवा.

४८ ची घ्यावी की ७२ ची? मघाच्या चढावर २३०० वॅट लागतात, ७२ व्होल्टला ते ३२ अँपियर होतात आणि ४८ ला ४८ अँपियर. काम तेच, पण त्याच वायरीत गरमी सव्वादोन पट. म्हणून चढाला जास्त व्होल्ट बरे. पण ६० व्होल्टच्या वर सरळ करंट माणसाला धोक्याचा धरतात, आणि घामेजलेल्या, खारट ओल्या हातांनी तर जास्तच. काम करताना अंगठी, कडं, चेन काढून ठेवा, पान्ह्याच्या दांड्यांना इन्सुलेशन टेप गुंडाळा. घरातला साधा एमसीबी इथे चालत नाही हे पण सांगतो, कारण घरातली वीज सेकंदाला शंभरदा शून्यावर येते आणि ठिणगी आपोआप विझते, बॅटरीची वीज शून्यावर येतच नाही, ठिणगी तशीच ओढली जाते आणि एमसीबी वितळतो. डीसी लिहिलेलाच एमसीबी आणि डीसीचाच फ्यूज, तोही बॅटरीच्या अगदी जवळ. आणि पहिल्यांदा बॅटरी कंट्रोलरला जोडताना जो फटकन आवाज येतो तो कंट्रोलरमधले कपॅसिटर एकदम भरल्याचा, अँटी-स्पार्क कनेक्टर घेतलात तर तो येत नाही आणि कनेक्टर जळत नाही.

बॅटरी स्वतः बनवू का, असं मला पोरं विचारतात. सेल सुटे मिळतात, व्हिडिओ भरपूर आहेत, मला मोह कळतो. पण मी वीस वर्षं वायरी हाताळतोय आणि मी सुद्धा तयार बॅटरी घेतली, बीएमएससकट. बीएमएस म्हणजे प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं सर्किट, एक जरी सेल जास्त भरला, जास्त उतरला किंवा तापला तरी ते सगळं बंद करतं. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून बॅटरी करायचा विचार तर मनातूनच काढा. २०२२ च्या उन्हाळ्यात आपल्या देशात ई-स्कूटरना लागोपाठ आगी लागल्या आणि त्यानंतर दुचाकीच्या बॅटरीचं एआयएस-१५६ हे मानक सरकारने कडक केलं, ते उगीच केलेलं नाही.

आणि आता आपल्याकडचा खरा शत्रू, पाणी आणि मीठ. माझ्या गाडीचा पहिला पावसाळा. खालच्या आगरातून दोन गोणी खत घेऊन मी चढण चढून आलो, हब चांगलाच तापलेला, आणि तसाच पुढे पऱ्यातून गाडी घातली, पाणी एक्सलपर्यंत. गाडी काही बंद पडली नाही, मला वाटलं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी हँडल पिळलं तर चाक जागच्या जागी थरथरलं, गचके द्यायला लागलं. चाक काढून हबचं झाकण उघडलं तर आतून अर्धी वाटी तपकिरी पाणी सांडलं, स्टेटरच्या, म्हणजे आतल्या न फिरणाऱ्या भागाच्या, पत्र्यांवर गंजाचा पातळ थर आणि हॉल सेन्सरच्या एका पायावर हिरवट पावडर. पाणी गेलं कुठून हे मला दोन दिवस कळेना, सील तर नवीन होते. मग लक्षात आलं. तापलेल्या हबमधली हवा फुगलेली असते, थंड पाण्यात घातला की ती एकदम आकसते आणि आत ओढ तयार होते, त्या ओढीने वायरीच्या भोकातून, सीलच्या कडेतून पाणी आत खेचलं जातं. बंद डबा श्वास घेतो, हे मी त्या दिवशी शिकलो. तेव्हापासून चढून आलं की गाडी पंधरा मिनिटं उभी करायची आणि मगच पाण्यात घालायची, वायरी जिथून बाहेर येतात तिथे सिलिकॉन भरलं, आणि पावसाळ्याच्या आधी आणि नंतर झाकण उघडून बघायचंच.

बॅटरीच्या डब्यालाही हेच लागू. डब्यावर आयपी६७ लिहिलं म्हणजे तो एक मीटर साध्या पाण्यात अर्धा तास तग धरतो, धुलाई सेंटरच्या प्रेशरचा फवारा किंवा रोजचं खारं पाणी याबद्दल तो आकडा काही सांगत नाही. वायर डब्यात नेताना आधी खाली लोंबती सोडायची आणि मग वर वळवून आत घ्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी त्या खालच्या बाकावरूनच टपकतं, आपल्या कौलांच्या पागोळ्या कशा पडतात तसं. काकांच्या बाबतीत तर मासळीच्या क्रेटमधून बर्फाचं खारट पाणी दिवसभर गळत असतं, ते थेट मागच्या चाकावर आणि वायरींवर. त्यामुळे क्रेटखाली पन्हळ लावून पाणी बाजूला सोडणं हे मोटर बसवण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे. प्रत्येक जोडावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी, कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस, आणि साधी इन्सुलेशन टेप कुठेच नाही, ती सहा महिन्यात सुटून चिकट होते आणि तिच्या आत मीठ साठतं.

उताराबद्दल बोलतो, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. पेट्रोलची गाडी उतारावर गिअरमध्ये ठेवली की इंजिन तिला धरून ठेवतं, आपल्या सगळ्यांना ती सवय आहे, कळत नकळत. मोटरमध्ये ते नसतं. त्याऐवजी रीजन असतं, म्हणजे मोटर उलटी जनरेटर होऊन बॅटरी भरते आणि गाडी आवळते. ऐकायला छान, पण बॅटरी आधीच गच्च भरलेली असेल तर ती वीज घेणार कुठे, बीएमएस ते बंद करतं आणि अर्ध्या उतारावर पकड एकदम सुटल्यासारखी वाटते. काका रात्रभर चार्जिंग लावून सकाळी पहिलं काम काय करणार तर हर्णैचा उतार उतरणार! म्हणून घर वर असणाऱ्यांनी बॅटरी ९० टक्क्यांपर्यंतच भरावी आणि रीजनवर भरवसा न ठेवता पुढचे-मागचे ब्रेक शू नवे घालून घ्यावेत.

चार्जिंगला १० अँपियरचा चार्जर असेल तर घरातून साधारण एक किलोवॅट ओढतो, पंधरा अँपियरचा पॉइंट आणि चांगलं अर्थिंग हवं. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मे मध्ये कोरडा पडतो आणि मग अर्थिंग असून नसल्यासारखं, त्यात अधूनमधून बादलीभर पाणी घालत जा. चार्जिंग पडवीत, उघड्यावर, पेंढा आणि लाकडं दूर ठेवून. मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, ते ६१ दिवस काकांची गाडी उभीच. तेव्हा बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवायची नाही, निम्म्याच्या थोडी वर ठेवायची आणि मेन कनेक्टर काढून टाकायचा.

आता कायदा, म्हणजे माझी गाडी बागेबाहेर का जात नाही ते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या मूळ गाडीत असा बदल मालकाने परस्पर करायचा नाही. इंजिन काढून मोटर म्हणजे इंधनच बदललं. असं करायला एआयएस-१२३ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे मान्यता मिळालेलं किट लागतं, ती तपासणी पुण्याच्या एआरएआय सारख्या संस्था करतात, आणि मान्यता ठराविक गाड्यांच्या मॉडेलसाठीच असते. किटवाल्याने नेमलेल्या फिटरकडून बसवायचं, मग आरटीओकडे गाडी दाखवून आरसीवर इंधन बदलून घ्यायचं, विमा कंपनीला कळवायचं. ठाण्याच्या गोगोए१ कंपनीचं स्प्लेंडरचं किट २०२१ मध्ये आरटीओ मान्यतेसह आलं, बॅटरी सोडून तेव्हा ३५ हजारांच्या आसपास. सुटे भाग आणून घरी जोडलेली माझ्यासारखी गाडी स्वतःच्या जागेत ठीक, सार्वजनिक रस्त्यावर नाही, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि समोरच्या माणसाचं नुकसान आपल्या घरादारावर येतं. काही जण म्हणतात २५० वॅट आणि ताशी २५ च्या आत नोंदणी लागत नाही, खरं आहे, पण त्या सवलतीत वजनाची पण अट आहे, आणि २५० वॅट मासळी घेऊन आसूदची चढण काय चढणार.

पैशाचं पण खरं ते सांगतो. काकांचे वर्षाचे अडीचशे दिवस, ११ हजार किलोमीटरच्या वर, पेट्रोल २२५ लिटर, म्हणजे मी हिशोब केला तेव्हाच्या भावाने २३ हजार. विजेचे दिवसाला २ युनिट, युनिट १० रुपयाने धरलं तर वर्षाला ५ हजार. वाचले १८, ऑइल आणि प्लग धरून थोडे जास्त. किट, बॅटरी, फिटिंग, कागदपत्रं मिळून ९० हजार धरले तर पाच वर्षं लागतात वसूल व्हायला. दिवसाला १० किलोमीटर फिरणाऱ्याने या भानगडीत पडू नये, त्याचे पैसे गाडी भंगारात जाईपर्यंत निघणार नाहीत. रोज ठरलेला रस्ता, रोज ४०-५० किलोमीटर आणि फ्रेम धडधाकट, अशा गाडीलाच हे शोभतं.

काकांना हे सगळं कागदावर लिहून दिलं. ते दोन दिवस काही बोलले नाहीत, मग फोन आला, "मान्यतावालंच घेऊ, पण ते कंटिन्युअस का काय म्हणतोस ते तूच विचार त्यांना." बसवायचं दिवाळीनंतर ठरलंय. क्रेटखालची पन्हळ मात्र त्यांनी आत्ताच करून घेतली, पीव्हीसी पाइप उभा चिरून, आणि परवा बंदरावरून येताना मला दाखवायला मुद्दाम थांबले, पाणी चाकावर न पडता बाजूला टपकत होतं.